हंडा केवढा, ते सगळे विचारतात

गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही. पहिला हरिहरेश्वरला गेला आणि दुसरा एका बॅटरीवाल्याशी भांडण्यात. भांडण हरलो, कारण निम्मी चूक माझीच होती. पण उरलेली निम्मी चूक ज्यांची आहे ते मजेत आहेत आणि तीच चूक रोज नव्या गिऱ्हाइकाला विकतायत. म्हणून हा लेख. जरा तिखट झालाय, चालवून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून मी आणि माझा कॉलेजातला मित्र, आमच्या दोघांच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. पैसे साठायला वेळ लागला, पण शेवटी एक सेकंडहँड विंगर घेतली. मागच्या सीटा गेल्या, फळ्यांचा पलंग आला, ओटा आला, तीस लिटरचा फ्रीज आला. जालावर याला कॅम्पर व्हॅन म्हणतात. मोहोपाड्यात आमच्या गल्लीत तिला शववाहिका म्हणतात, कारण पडदे काळे आहेत. :) (आरटीओ आणि कागदपत्रं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो लिहायला मला आणखी दोन वर्षं आणि एक वकील लागेल.)

मित्राला गाडी हवी होती ती गडाच्या पायथ्याला मुक्काम करायला. माझं कारण वेगळं होतं. बाबा.

बाबा रसायनीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्याच सुमारास त्यांना स्लीप अ‍ॅप्निया निघाला. म्हणजे झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रीतून कितीतरी वेळा. उपाय म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क लावायचा आणि एक छोटं मशीन रात्रभर हवेचा दाब देत राहतं. मशीन चालू असलं की माणूस छान झोपतो. अडचण अशी की त्याला रात्रभर वीज लागते, आणि बाबांना दुसऱ्याच्या घरी ते डबडं काढून लावायची लाज वाटते. लॉजवर प्लग पलंगापासून दहा फुटांवर असतो. परिणाम असा की हा माणूस चार वर्षं मोहोपाड्याबाहेर एक रात्र राहिला नव्हता. आत्याच्या घरचं लग्नसुद्धा पनवेलला जाऊन त्याच रात्री परत. तर गाडीत त्यांचा पलंग, त्यांचा प्लग, कोणी बघायला नाही, असा माझा प्लॅन होता.

आता गाडीला दोन बॅटऱ्या लागतात हे आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की गाडीत बॅटरी असतेच की. असते, ती सेल्फ मारायला. दोन-चार सेकंद प्रचंड करंट द्यायचा आणि लगेच डायनामोकडून परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्या प्लेटा पातळ असतात आणि रात्रभर पंखा चालवला की त्या महिन्या-दोन महिन्यांत मान टाकतात. म्हणून राहण्यासाठी दुसरी बॅटरी ठेवायची, जी हळूहळू, तासन् तास करंट देईल. दोघींच्या मध्ये रिले बसवायचा. इंजिन चालू असलं की रिले जोडतो, बंद झालं की तोडतो, म्हणजे रात्री कितीही उधळपट्टी केली तरी सकाळी गाडी चालू होते.

हे सगळं मला माहीत होतं. मी दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "किती एएच देऊ?"

बास. माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

त्याने हे नाही विचारलं की लोड काय आहे, किती तास आहे. आणि मुख्य म्हणजे हे नाही विचारलं की ती भरणार कशी, कशाने आणि किती वेळात. मीही हे सांगितलं नाही. मी म्हटलं दीडशे. तो म्हणाला, "दोनशे घ्या साहेब, टेन्शन नाही." मी घासाघीस करून दीडशेवर आलो आणि आपण फार हुशारी केली असं समजून घरी आलो. दीडशे एएचची ट्यूबलर, पन्नास किलोच्या वर वजन. सोबत घरात वापरतो तसला इन्व्हर्टर. पुढून मागे चार एमएमची वायर मी स्वतः ओढली, लग पक्कडीने दाबले, अर्थ चासीच्या एका बोल्टला दिला. संध्याकाळी पंखा फिरला, दिवा लागला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. अठ्ठावीस लाइक.

नंतरचे चार महिने आम्ही दोघं आलटून पालटून फिरलो. बाबांना डिसेंबरात नेलं, हवा चांगली असते म्हणून. आई, बाबा, मी. पहिली रात्र दिवेआगरला, अगदी मस्त. बाबा सकाळी उठून म्हणाले, "घरच्यासारखी झोप लागली." रविवारी श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरला गेलो, तासाभराचा रस्ता. दुसऱ्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी इन्व्हर्टरने टीं टीं केलं आणि सगळं बंद.

मी उठलो तेव्हा बाबा मास्क काढून बसले होते. फार काही झालं नाही, उगाच नाट्य करत नाही. ते फक्त म्हणाले, "तू झोप, मी बसतो." आणि उजाडेपर्यंत गाडीच्या दारात पाय खाली सोडून बसून राहिले. आई त्यांच्या शेजारी. आडवं पडलं तर डोळा लागणार आणि डोळा लागला की श्वास अडकणार, म्हणून एकसष्ट वर्षांचा माणूस थंडीत जागा. मी, म्हणजे ज्याच्या नावापुढे बी.ई. लागतं तो, बॅटरीवरच्या चार हिरव्या ठिपक्यांकडे बघत होतो. त्यातले दोन संध्याकाळी चालू होते हो! दोन म्हणजे निम्मी, नाही का?

नाही. पण त्याकडे येतोच.

घरी आल्यावर बाबांनी माळ्यावरून एक पिशवी काढली. आत हायड्रोमीटर, एक क्लँप मीटर आणि एक जुनी वही. त्यांच्या प्लँटला बॅटरी रूम होती. मेन सप्लाय गेला तरी ब्रेकर चालले पाहिजेत, धोक्याचे दिवे लागले पाहिजेत, म्हणून काचेच्या भांड्यांतल्या सेलची रांग. तीस वर्षं हा माणूस त्या सेलमधून अ‍ॅसिड ओढून घनता वहीत लिहीत होता, आणि मी तीस लिटरच्या फ्रीजबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ बघत होतो. घरातल्या घरात विचारायचं सुचलं नाही. आपल्या पिढीचं हे एक वैशिष्ट्यच आहे. असो.

बॅटरी पूर्ण दिवस चार्जरवर ठेवून त्यांनी सहाही सेल मोजले. ट्यूबलर पूर्ण भरली की घनता 1.240 च्या आसपास यावी. आमची 1.190 च्या वर जाईना, एक सेल तर 1.160 ला अडकलेला. बाबांनी चष्मा वर केला. "ही चार महिन्यांची? ही मेलेली नाही रे, मारलेली आहे."

मग आम्ही हिशेब मांडला. खरं तर हा हिशेब मी बॅटरी घ्यायच्या आधी मांडायला हवा होता. नोकरीत रोज कपॅसिटी प्लॅनिंगच्या नावाने मीटिंगा करतो आणि स्वतःच्या बापाच्या श्वासासाठी मात्र "दीडशे द्या" म्हणालो.

सीपॅप ह्युमिडिफायरसकट सरासरी सत्तर वॉट, सात तास, म्हणजे 490 वॉट-तास. फ्रीज दिवसभर मिळून साधारण 480. पंखा, दिवे, फोन मिळून शंभर. इथपर्यंत मला अंदाज होता. चौथी गोष्ट मला माहीत नव्हती. इन्व्हर्टर स्वतः, त्याला काहीही जोडलेलं नसताना, नुसता जागा राहायला पंधरा वॉट खात होता. चोवीस तासांत 360! म्हणजे घरात एक पाहुणा आलाय, तो काही काम करत नाही, पण बाबांच्या मशीनच्या पाऊणपट जेवतो. सगळं मिळून एका दिवसाला 1400 च्या वर. आणि बॅटरी कागदावर 12 गुणिले 150, म्हणजे 1800.

कागदावर म्हणतोय, कारण तो दीडशेचा आकडाही एक गंमत आहे. लेबलावर बारीक अक्षरात 'सी 20' लिहिलेलं असतं. अर्थ असा की वीस तासांत हळूहळू, साडेसात अ‍ॅम्पियरने उतरवली तर दीडशे मिळतील. घरच्या इन्व्हर्टरला दोन पंखे, टीव्ही नि ट्यूब लावून तुम्ही तीस-चाळीस अ‍ॅम्पियर ओढलेत तर त्यातला पाचवा-चौथा हिस्सा कापला जातो. सोलरसाठीच्या बॅटऱ्या बहुधा 'सी 10' वर मोजतात, म्हणजे त्याच आकड्यात माल थोडा जास्त. दोन डबे शेजारी ठेवा, दोन्हींवर 150, किंमत वेगळी. दुकानदार सांगेल, "ही महाग ब्रँडची आहे." हे न सांगणं मला खोटं बोलण्याइतकंच वाटतं.

आता भरण्याकडे या. बाबांनी इंजिन चालू करायला लावलं आणि क्लँप मीटर लावला. पुढे, सेल्फच्या बॅटरीवर 14.2 व्होल्ट. मागे, आमच्या पलंगाखाली 13.4. मधले 0.8 गेले कुठे? निम्मे चार एमएमच्या वायरीत. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं आहे, गणित बारावीचं आहे. उरलेले माझ्या पक्कडीने दाबलेल्या लगमध्ये आणि चासीच्या त्या गंजक्या बोल्टमध्ये. ट्यूबलरला पोट भरायला 14.4 लागतात. 13.4 वर ती जेमतेम नऊ अ‍ॅम्पियर घेत होती. त्यातून फ्रीज आणि तो पाहुणा जेवून बॅटरीच्या पदरात पडत होते सहा. शंभर एएचचा खड्डा सहाने भरायला सतरा तास. म्हणजे मोहोपाड्याहून नागपूरला जाऊन परत निम्म्या वाटेवर आल्यावर आमची बॅटरी भरली असती. आम्ही हरिहरेश्वरला गेलो होतो, एक तास.

आणि हेही खूप सोपं करून सांगतोय. लेड-अ‍ॅसिड बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते. तिथे तुमचा डायनामो कितीही तगडा असो, ती आपल्या चालीने चार-पाच तास घेणार. दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये ती पूर्ण भरणं शक्यच नाही. घरी परत आलात की रात्रभर चार्जरला लावा, एवढं एक वाक्य मला विकताना कोणी सांगितलं असतं तर ही बॅटरी जगली असती.

आम्ही काय करायचो? रविवारी रात्री गाडी झाडाखाली लावायची आणि सोमवारी पहाटे ऐरोली. अर्धी उतरलेली बॅटरी शुक्रवारपर्यंत तशीच. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. जेवल्या जेवल्या ताट धुतलं तर पिठलं पाण्याने निघतं. आठवडाभर तसंच ठेवा, मग घासणीनेही निघत नाही. तेच होतं, बारीक कणांचे टणक स्फटिक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. म्हणून रोज रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या टूरवाल्याची बॅटरी टिकते आणि आपल्यासारख्या वीकांतवाल्यांची मरते. वापरून मेली असती तर निदान समाधान तरी!

हे ऐकून तुम्ही म्हणाल, एवढं कळतं तर मग दोनशेची घेतली असती. दुकानदारही तेच म्हणाला, "तेव्हाच सांगितलं होतं दोनशे घ्या." वॉरंटीत बसत नाही, कारण गाडीत वापरलीत, डीप डिस्चार्ज केलीत. आता जुनी द्या, दोनशेवर सूट देतो. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "दोनशेने नळ मोठा होतो का?"

दुकानदाराला कळलं नाही. मला कळलं. मोहोपाड्यात वाढलेल्या कोणालाही कळेल. पाणी येतं तासभर आणि धार करंगळीएवढी. तुम्ही घरात हंडा ठेवा नाहीतर हजार लिटरची टाकी बसवा, सकाळी मिळणारं पाणी तेवढंच. उलट मोठी टाकी कायम पाऊण रिकामी, तळाला गाळ. दोनशेची बॅटरी सहा अ‍ॅम्पियरवर ठेवली असती तर ती तिसऱ्या रात्री बसली असती, आणि मेली असती तशीच, फक्त जास्त पैशांत.

ही हंडा विकायची सवय आपल्याला लागली कुठून याचा मी बराच विचार केला. मला वाटतं लोडशेडिंगमधून. 2005 नंतरची ती वर्षं आठवतायत? मी शाळेत होतो. रोज तासन् तास वीज गायब, आणि घरोघर इन्व्हर्टर आले. तेव्हा प्रश्न एवढाच होता की चार तास पंखा चालेल का. भरायची चिंता नव्हती, कारण उरलेल्या वेळात भिंतीतून हवी तेवढी वीज मिळायची. नळ सरकारचा होता, दुकानदाराने फक्त हंडा विकायचा. त्या काळात ते बरोबरही होतं. पण तोच दुकानदार तोच प्रश्न आता गाडीला, शेतघराला, छपरावरच्या सोलरला विचारतो, जिथे नळ तुम्हालाच बसवायचाय.

आणि गंमत बघा, मोहोपाड्यात बसून आपण हे विसरावं! वीस-पंचवीस किलोमीटरवर खोपोलीचं वीजघर आहे, 1915 पासून चालू. वळवण, लोणावळा, शिरवटा इथली धरणं घाटमाथ्यावर भरतात, पाणी खाली खोपोलीत पडतं, वीज मुंबईला जाते आणि वापरलेलं पाणी पाताळगंगेतून आमच्या गावावरून वाहतं. (2006 साली त्याच नदीच्या काठी मी मेणबत्तीत भूगोल वाचत होतो, हा राग वेगळा.) बाबा म्हणाले, "ते धरण म्हणजे बॅटरीच. पण बांधणाऱ्यांनी आधी पाऊस मोजला, मग भिंत किती उंच ते ठरवलं. तुझ्या बॅटरीचा पाऊस कुठाय?" टाटा पॉवरने 2023 मध्ये राज्य सरकारशी करार केला, शिरवट्याला 1800 आणि भिवपुरीला 1000 मेगावॉटचे उदंचन प्रकल्प करायचे म्हणून. म्हणजे वीज जास्त असेल तेव्हा पाणी परत वर चढवायचं. तिथेही पहिला प्रश्न हाच की वर चढवणार कुठल्या विजेवर. आम्हीच तेवढे थेट भिंत बांधायला निघालो होतो.

आता लिथियमवाले उठतील. हापिसात हा किस्सा सांगितल्यावर पहिलं वाक्य, "अरे लिथियम टाक, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड." दुसरं वाक्य नाहीच. मान्य, लिथियम आयर्न फॉस्फेट चांगली चीज आहे. शंभर एएच बारा-तेरा किलोत मिळते, जवळजवळ सगळी वापरता येते, अर्धवट भरून ठेवली तरी रुसत नाही. पण तिचा अंतर्गत रोध फार कमी. जाड वायर टाकून साध्या रिलेने जोडलीत तर ती डायनामोचं रक्त पिते. घाटात, ट्रॅफिकमध्ये, इंजिन मंद फिरत असताना डायनामोला हवा कमी लागते आणि तेव्हाच तो पूर्ण ताकदीने राबतो. जळतो. तिथे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच, जो करंटला लगाम घालतो आणि व्होल्टेज वाढवून नेमकं देतो. शिवाय बीएस-6 नंतरच्या काही गाड्यांत डायनामोच शहाणा असतो. सेल्फची बॅटरी भरली की डिझेल वाचवायला तो व्होल्टेज पाडतो, आणि मग साध्या रिलेतून मागे काहीच पोचत नाही. ही गोष्ट विकणाऱ्यांतल्या कितींना माहीत आहे, तुम्ही विचारून बघा. मी तीन दुकानांत विचारलं. एकाने मला सांगितलं की शहाणा डायनामो असं काही नसतं.

म्हणजे लिथियम घेऊनही प्रश्न तोच राहिला, नळाचा.

आणि ते चार ठिपके! यावर तर मला वेगळा लेख लिहायचाय. ठिपके व्होल्टेज बघतात. लोड चालू असताना व्होल्टेज खाली बसतं, बंद केला की वर येतं, नुकती चार्ज केली असेल तर फुगलेलं दिसतं. त्यावरून बॅटरी किती उरली हे सांगणं म्हणजे रांगेची लांबी बघून रेशन दुकानात गहू किती उरलाय ते सांगण्यासारखं आहे. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजणारा शंट बसवला तर खरा जमाखर्च कळतो. आपण लोक एका फालतू वेबसाइटला सहा डॅशबोर्ड लावतो. इथे चार ठिपके, आणि त्यातले दोन खोटे.

एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, तीही सांगतो. पाण्याची ट्यूबलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. आमची बॅटरी पलंगाखाली होती, बंद खोक्यात, बाहेर नळी काढलेली नाही, वायरीला फ्यूज नाही, आणि वर माझे आईबाप झोपले होते. बाबांनी खोकं उघडून बघितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या बॅटरी रूमला चोवीस तास एक्झॉस्ट फॅन होता आणि आत काडी पेटवली तर नोकरी जायची. तो फॅन मी विसरलो, दुकानदारानेही काढला नाही. 'गाडीत लावणार आहे' हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं.

काही जण म्हणतील, तुमचे हे चोचले आहेत, कशाला एवढं रामायण. बरोबर, व्हॅन चोचलाच आहे. पण कोणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, कोणाची इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे, आणि ती सगळी घरं त्याच दुकानात जातात आणि त्यांनाही तोच प्रश्न विचारला जातो. मी निदान समुद्राकाठी फजित झालो.

मग आम्ही काय केलं? बॅटरीला हात लावायच्या आधी खप कमी केला. बाबांचं सीपॅप मुळात 24 व्होल्ट डीसीवर चालतं. आम्ही 12 चे 230 करून, अडॅप्टरने परत 24 करत होतो, दोन्हीकडे दलाली देऊन. त्याचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो लावला. डॉक्टरांना विचारून गाडीत ह्युमिडिफायर बंद ठेवला, कोकणात तसाही हवेत ओलावा कमी नाही. सत्तर वॉटचे तीसच्या आत आले. इन्व्हर्टर लागेल तेव्हाच चालू करायचा, पाहुण्याला घराबाहेर काढला. मग वायर सोळा एमएमची, अर्थही स्वतंत्र वायरीने, लग नीट हायड्रॉलिक पक्कडीने दाबून, दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज. वीस अ‍ॅम्पियरचा डीसी-टू-डीसी चार्जर. छपरावर दोनशे वॉटचं पॅनेल, जे हिवाळ्यात दिवसाला सहाशे वॉट-तासांपर्यंत देतं आणि जुलैत माथेरानच्या ढगाखाली काहीच देत नाही म्हटलं तरी चालेल. गाडी झाडाखाली लावणं बंद, आणि घरी आली की भिंतीतल्या चार्जरला जोडायची, मग मला कितीही झोप आली असली तरी.

बॅटरी सगळ्यात शेवटी घेतली. शंभरची लिथियम. हिशेबाने तेवढीच लागत होती, आधीच्या दीडशेपेक्षा लहान. दुकान वेगळं, पण दुकानदाराने आधी विचारलं तेच: "दोनशे का नाही घेत?"

नवी बॅटरी घरी आली तेव्हा बाबांनी ती सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. झाकणं नाहीत, बुचं नाहीत. "यात हायड्रोमीटर कुठे घालायचा?" म्हटलं, घालायचा नाही, शंट मोबाइलवर आकडा दाखवतो. ते त्यांना पटलं नाही. आता रोज सकाळी ते माझ्या जुन्या फोनवर आकडा बघतात आणि त्यांच्या त्या वहीत लिहितात, तारीख, वेळ, व्होल्ट, किती आत आले, किती गेले. घनतेचा रकाना आखलेला आहे, त्यात ते रेघ मारतात.

जुनी ट्यूबलर पडवीत आहे, हवेशीर. वीज गेली की त्यावर राउटर चालतो. येत्या शनिवारी पुन्हा हरिहरेश्वर, दोन रात्री. आईने यावेळी चहाचा मोठा थर्मास घेतलाय. म्हणाली, असू दे जवळ.